चिंता देवावर टाका, पण झोपू नका: ख्रिस्ती धर्मातली ‘जागं राहण्याची’ शिकवण नेमकी काय आहे?

तुमच्या फोनमध्ये एखादा ख्रिस्ती मित्र किंवा मैत्रीण असेल, तर हे वचन तुम्ही स्टेटसवर नक्की पाहिलं असेल. मागे मावळता सूर्य किंवा जोडलेले हात, वर मोठ्या अक्षरांत आपली सगळी चिंता देवावर टाकण्याबद्दलची ओळ आणि खाली बारीक संदर्भ: १ पेत्र ५:७. परीक्षा, नोकरी, आजारपण, लग्न जमत नसणं, अशा कुठल्याही प्रसंगाला ते चालतं.

त्याच्या लगेच पुढचं वचन, म्हणजे ५:८, मात्र स्टेटसवर फारसं दिसत नाही. त्याला सूर्यास्ताचा फोटो शोभतही नाही म्हणा. कारण त्यात एक सिंह आहे. तो डरकाळ्या फोडत, कोणाला गिळता येईल ते बघत फिरतोय, म्हणून डोकं ठिकाणावर ठेवा आणि जागे राहा, असं पत्र लिहिणारा सांगतो.

एका श्वासात ‘काळजी सोडा’ आणि दुसऱ्या श्वासात ‘सिंह फिरतोय’. वरवर पाहिलं तर हा विरोधाभास वाटतो. सिंह दाराशी असेल तर काळजी कशी सोडायची? आणि काळजी सोडली असेल तर जागं कशाला राहायचं? ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नावर जवळपास दोन हजार वर्षं विचार झाला आहे. त्याचं उत्तर ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही कामाचं वाटू शकतं, म्हणून जरा नीट समजून घेऊ.

हे पत्र कोणाला लिहिलं होतं?

पेत्राचं पहिलं पत्र हे बायबलच्या नव्या करारातलं पाच अध्यायांचं छोटंसं पत्र आहे. ते पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या पाच रोमन प्रांतांत विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांना उद्देशून आहे. हा सगळा भाग आज तुर्कस्तानात येतो. परंपरेनुसार हे पत्र येशूचा शिष्य पेत्र याने रोममधून लिहिलं. ते त्याच्या नावाने नंतर लिहिलं गेलं असावं, असं मानणारे अभ्यासकही आहेत. तो वाद इथे बाजूला ठेवू.

आपल्यासाठी महत्त्वाचं आहे ते वाचणाऱ्यांचं आयुष्य. पत्रावरून दिसतं की हे लोक संख्येने थोडे होते. जुन्या मेजवान्यांना आणि उत्सवांना ते येईनासे झाले म्हणून शेजारीपाजारी चकित झाले होते आणि टोमणे मारत होते. त्यांच्यात गुलाम होते, ख्रिस्ती नसलेल्या नवऱ्यांबरोबर संसार करणाऱ्या बायका होत्या. सुमारे इसवी सन ११२ मध्ये याच भागाचा रोमन अधिकारी धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजनला एक पत्र पाठवलं. ख्रिस्ती लोकांचं काय करायचं, अशी विचारणा त्यात आहे. लोकांनी निनावी यादी टाकून नावं कळवल्याचाही उल्लेख आहे. थोडक्यात, या लोकांची चिंता मनाचे खेळ नव्हती. त्यामागे खरी कारणं होती.

म्हणून ‘चिंता टाका’ हा सल्ला कोणी आरामखुर्चीत बसून दिलेला नाही.

दोन ग्रीक शब्द आणि आपला ‘सावधान’

मूळ ग्रीकमध्ये ‘टाकणं’ यासाठी जे क्रियापद आहे, ते नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतं. लूकच्या शुभवर्तमानात येशू यरुशलेमकडे निघतो तेव्हा शिष्य आपली वस्त्रं शिंगरावर टाकतात, तिथे. म्हणजे आपल्या अंगावरचं ओझं उचलायचं आणि दुसऱ्याच्या पाठीवर टाकायचं, असं अगदी शारीरिक चित्र आहे. दुसरं म्हणजे, मूळ वाक्यात हे स्वतंत्र फर्मान नाही. ते आधीच्या वाक्याला जोडलेलं आहे. देवापुढे नम्र व्हा असं आधीच्या वाक्यात म्हटलंय आणि चिंता त्याच्यावर टाकणं हा नम्र होण्याचाच भाग आहे. सगळं माझ्याच हातात आहे या समजुतीत थोडा अहंकारही असतो, हा त्यातला छुपा अर्थ. स्टेटसवर अर्धं वाक्य उचललं की हा अर्थ सुटतो.

पुढच्या वचनात दोन क्रियापदं आहेत. पहिल्याचा मूळ अर्थ दारूच्या अमलाखाली नसणं, शुद्धीवर असणं. दुसऱ्याचा अर्थ जागं असणं. ग्रेगरी हे नाव याच दुसऱ्या शब्दावरून आलंय. त्यामुळे ओळखीत कोणी ग्रेगरी असेल तर त्याच्या नावाचा अर्थ ‘जागा असलेला’.

मराठीत या दोन्हींच्या जवळ जाणारा शब्द आपल्याकडे आहेच. सावधान म्हणजे अवधानासह, लक्ष ठेवून. लग्नाच्या बोहल्यावर तो शब्द ऐकून रामदास पळाले, ही आख्यायिका शाळेत असताना सगळ्यांनीच ऐकलेली असते. मात्र एक फरक लक्षात घ्यायला हवा. सावध असणं म्हणजे घाबरलेलं असणं नाही. घाबरलेला माणूस सगळीकडे बघतो आणि त्याला काहीच नीट दिसत नाही. पत्राला हवा आहे तो शुद्धीवरचा माणूस. चिंता ही एक प्रकारची धुंदीच आहे आणि ती उतरल्याशिवाय समोरचं स्पष्ट दिसत नाही. असं वाचलं की सातवं आणि आठवं वचन एकमेकांच्या विरोधात राहत नाहीत. ओझं टाकायचं ते जागं राहता यावं म्हणून.

पेत्राच्या दोन झोपा

या पत्रावर ज्याचं नाव आहे, त्या पेत्राच्या आयुष्यातले दोन प्रसंग शेजारी ठेवले की हा मुद्दा आणखी उलगडतो. दोन्हींमध्ये तो झोपलेला आहे.

पहिला प्रसंग गेथशेमाने बागेतला. या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. येशूला अटक होण्याच्या काही तास आधीची रात्र आहे. तो पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेतो, थोडा वेळ माझ्याबरोबर जागे राहा, प्रार्थना करा, असं सांगतो आणि पुढे जातो. परत येतो तेव्हा तिघेही झोपलेले. असं तीनदा होतं. याच पेत्राने त्याच संध्याकाळी, तुझ्याबरोबर मरायलाही तयार आहे, असं छातीठोकपणे सांगितलेलं असतं. पहाटे कोंबडा आरवायच्या आत, एका दासीच्या साध्या प्रश्नावर तो येशूला ओळखतही नसल्याचं सांगून मोकळा होतो.

लूकने इथे एक बारीक तपशील दिलाय, जो सहज नजरेतून निसटतो. शिष्य का झोपले? लूक म्हणतो, दुःखाने. आळसाने नाही, जेवण जास्त झालं म्हणूनही नाही. मनावरचा भार इतका वाढला की डोळे मिटले. ज्यांनी परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या काळात उशीत तोंड खुपसून दुपारच्या दुपार झोपून काढल्यात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आजच्या भाषेत यात तासन् तास रील्स बघत पडून राहणंही घालता येईल. डोळे उघडे, पण माणूस जागा नाही.

दुसरा प्रसंग काही वर्षांनंतरचा, प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायातला. हेरोद अग्रिप्पाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने ठार मारलंय. लोकांना ते आवडलं हे पाहून त्याने पेत्रालाही पकडलंय. पहाऱ्याला चार-चार शिपायांच्या चार तुकड्या. दुसऱ्या दिवशी त्याला लोकांसमोर उभं करायचंय आणि निकाल काय लागणार हे सगळ्यांना माहीत आहे. त्या रात्री पेत्र दोन शिपायांच्या मध्ये, दोन साखळ्यांनी बांधलेला, गाढ झोपलाय. इतका गाढ की त्याला उठवायला देवदूताला त्याच्या कुशीवर चापट मारावी लागते. इकडे त्याचे सोबती मात्र एका घरात जमून त्याच्यासाठी प्रार्थना करतायत.

झोप तीच, पण अर्थ उलटा. बागेत चिंतेने झोपवलं होतं. तुरुंगात चिंता उतरवून ठेवल्यामुळे झोप लागली. त्यामुळे जागं राहणं म्हणजे डोळे ताणून बसणं नव्हे, हे वेगळं सांगायला लागत नाही. येशूच्या दहा कुमारींच्या दाखल्यातही हेच आहे. नवरदेवाला उशीर होतो आणि दहाही जणी झोपतात, शहाण्या पाच जणीसुद्धा. फरक एवढाच की शहाण्यांनी दिव्यासाठी जास्तीचं तेल आधीच भरून ठेवलेलं असतं.

मग चिंता करणं पाप आहे का?

चर्चमध्ये, प्रार्थनासभांमध्ये अनेकदा असं बोललं जातं की खरा विश्वास असेल तर चिंता येणारच नाही. मला हा दावा धोकादायक वाटतो आणि बायबलमधूनही त्याला सरळ आधार मिळत नाही. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात पौल चिंता करू नका म्हणतो, प्रार्थनेत सगळं देवापुढे मांडा म्हणतो. हे त्याने कैदेत असताना लिहिलंय. पण करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आपल्यावर आलेल्या संकटांची यादी देताना तोच पौल कबूल करतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज त्याच्या मनावर असते. ग्रीकमध्ये शब्द तोच आहे. दुसऱ्याची काळजी वाहणं आणि स्वतःच्या काळजीने गिळलं जाणं यांत तो फरक करतो, एवढंच.

येशूचं पाखरांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. पाखरं पेरत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी देव त्यांना खायला घालतो. पण कुठल्याही चिमणीला पाच मिनिटं बघा. ती घरट्यात चोच उघडून बसलेली नसते. दिवसभर दाणे टिपत असते आणि मांजराची चाहूल लागली की क्षणात उडते. जुन्या करारातला नहेम्या हे तर याचं अगदी व्यवहारी उदाहरण. पर्शियाच्या राजाच्या दरबारातला हा अधिकारी यरुशलेमचा पडका तट बांधायला येतो. हल्ल्याची बातमी लागते तेव्हा तो देवाची प्रार्थना करतो आणि रात्रंदिवस पहाराही बसवतो. माणसं एका हाताने बांधकाम आणि दुसऱ्या हातात शस्त्र अशा अवस्थेत काम करतात. तट ५२ दिवसांत पुरा होतो. प्रार्थना केली म्हणून पहारा काढला नाही, पहारा आहे म्हणून प्रार्थना थांबवली नाही.

औषधांचंही तसंच. पौल तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्या काळात तो औषध म्हणूनही दिला जाई. पौलाच्या सोबत्यांमधला लूक वैद्य होता. त्यामुळे झोप उडणं, छातीत धडधडणं, कामात लक्ष न लागणं हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर ‘प्रार्थना कमी पडतेय’ हे निदान पुरेसं नाही. डॉक्टरकडे जायला हवं. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे फोन केल्याने कोणाचा विश्वास कमी होत नाही.

केडगावात हे कसं दिसलं?

या दोन वचनांचं सगळ्यात ठळक उदाहरण शोधायला तुर्कस्तानपर्यंत जायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यातलं केडगाव पुरेसं आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेले. १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वॉन्टेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण नवा धर्म घेतला म्हणून डोकं गहाण ठेवलं नाही. वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याबरोबरचा त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. चर्चने सांगितलं म्हणून मान्य, हे रमाबाईंना कधीच पटलं नाही, हे त्या पत्रांतून स्पष्ट दिसतं. त्या तपासून, वाद घालून मगच स्वीकारत. आध्यात्मिक सावधपणात बुद्धीचा सावधपणाही येतो, तो असा.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं पैसे पुरवण्याचं कबूल केलं होतं. त्यानंतर काय? याच काळात त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज मुलर यांच्याबद्दल वाचलं. मुलर कोणाकडेही वर्गणी मागत नसत, गरज फक्त देवापुढे मांडत आणि तरी हजारो मुलं सांभाळत. भारतातही असं देवावर भिस्त ठेवून काम करता येईल का, असा विचार आपल्या मनात आल्याचं रमाबाईंनी लिहून ठेवलंय. (मुलर जमाखर्चाचा हिशेब मात्र काटेकोर ठेवत आणि छापून प्रसिद्ध करत. त्यांची गोष्ट सांगताना हा भाग गाळला जातो.)

रमाबाईंनी प्रार्थना केली आणि केडगावला जमीनही घेतली. पुढे पैसे आटले तर फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी, हा हिशेब होता. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या दुष्काळी छावण्यांमध्ये त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं: उपाशी मुली आणि त्यांच्यावर टपून बसलेली, गोड बोलून त्यांना पळवणारी माणसं. गिळायला कोणी मिळतंय का बघत फिरणारा सिंह त्यांना असा, माणसांच्या रूपात दिसला. त्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास मुक्ती सदनात दीड हजारांच्या आसपास बायका आणि मुलं राहत होती. त्यांच्यासाठी शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग उभे केले. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांची काय अवस्था होते, यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मधून जाहीर टीका केली. देवावर सोपवलंय म्हणून सरकारला प्रश्न विचारायचे नाहीत, असा त्यांचा विश्वास नव्हता.

शेवटची अनेक वर्षं त्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, त्याच्या थोडंच आधी भाषांतर पुरं झालं होतं. चिंता टाकण्याबद्दलचं आणि जागं राहण्याबद्दलचं, ही दोन्ही वचनं त्यांच्या हाताखालून गेली आहेत.

सिंह म्हणजे शेजारी नव्हे

‘शत्रू’, ‘युद्ध’ ही भाषा ऐकली की लगेच एखादा समाज, एखादा पक्ष किंवा बाजूच्या गल्लीतले लोक डोळ्यांपुढे आणणारे असतात. सगळ्याच धर्मांत असतात. पेत्राच्या पत्रात शत्रू सैतान आहे, माणूस नाही. त्याच पत्रात सगळ्यांचा, अगदी सम्राटाचाही मान राखायला सांगितलंय. कोणी तुमच्या आशेबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे, हेही त्यातच आहे.

सावधगिरीचा रोख जास्त करून आतल्या बाजूला आहे. याचं मला आवडलेलं उदाहरण बायबलच्या बाहेरचं आहे. ‘दिदाखे’ नावाची एक अगदी सुरुवातीच्या काळातली ख्रिस्ती नियमपुस्तिका आहे. तिची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये फिलोथिओस ब्रिएन्निओस यांना कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली आणि १८८३ मध्ये छापली गेली. गावोगाव फिरणारे उपदेशक खरे की खोटे हे ओळखायच्या कसोट्या तिच्यात आहेत. पाहुणा उपदेशक एक दिवस राहील, गरज असेल तर दोन दिवस. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. कायमचं राहायचं असेल तर काम करून खावं. ते मान्य नसेल तर तो ख्रिस्ताच्या नावाचा व्यापार करणारा आहे, त्याच्यापासून सांभाळून राहा.

क्यूआर कोड येण्याच्या अठराशे-एकोणीसशे वर्षं आधी हे लिहिलंय. आज ‘तुमच्यासाठी खास भविष्यवाणी आली आहे, आशीर्वादासाठी इतके पाठवा’ असा मेसेज आला, तर ही कसोटी जशीच्या तशी लावता येते. काळजीत असलेला माणूसच अशा मेसेजला पटकन बळी पडतो. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी क्रमांक आहे.

रोजच्या दिवसात याचं काय करतात?

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांनी मनात येणाऱ्या विचारांवर दारवानासारखं लक्ष ठेवायची रीत बसवली. विचार आला की आधी विचारायचं, तू कोण, कुठून आलास? त्यांच्यातल्या इव्हाग्रियसने दुपारच्या वेळी येणाऱ्या एका खास मरगळीचं वर्णन केलंय. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, माणूस सारखा खिडकीबाहेर बघतो, हे काम सोडून दुसरीकडे जावंसं वाटतं. ऑफिसात दुपारी तीनच्या सुमाराला याचा प्रत्यय घ्यायला तपस्वी असावं लागत नाही.

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी हेच सामान्य दिनक्रमात बसेल असं केलं. त्यांच्या जेजुइट पंथात दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, थांबून दिवस परत बघायचा असतो: कशाबद्दल आभार मानायचे, कुठे चुकलं, उद्या काय सांभाळायचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. चिंता तिथेच एकेक करून नाव घेऊन देवापुढे ठेवली जाते. नाव दिल्यावर काही चिंता पुष्कळ लहान निघतात आणि काहींसाठी उद्या सकाळी कोणाला तरी फोन करायचा आहे, हे लक्षात येतं.

कॅथलिक चर्चच्या दैनिक प्रार्थनाक्रमात झोपण्याआधीची एक छोटी रात्रप्रार्थना आहे. सिंहाचं आणि जागं राहण्याचं ते वचन त्यात मंगळवारी रात्री वाचलं जातं. ते वाचतात, शिमोनाचं गीत म्हणतात, दिवा मालवतात आणि झोपतात.